हैबतरावांचं मुंडकं

कोळवणच्या यात्रेत त्या साली गावच्या मंडळीचं नाटक होतं आणि शेवटच्या अंकात फितूर किल्लेदाराचं मुंडकं ताटात घालून आणायचं होतं. आजवर कुशाबानं मंडळीला लाकडी तलवारी आणि पुठ्ठ्याचे मुकुट करून दिले होते. माणसाचं डोकं पहिल्यांदाच. आनंदानं त्याची भूकच पळाली. रद्दी भिजवून, मेथीचं पीठ घालून त्यानं लगदा असा कुटला की बोटाला लोण्यासारखा लागावा.

किल्लेदार झाले होते हैबतराव. कुशाबा त्यांच्या तोंडाचं माप घ्यायला गेला, तर त्यांची बायको लीलाबाई आडवी आली.

"माझा धनी जिता असताना त्याचं मुंडकं करतोयस? कपाळ पांढरं करायचंय व्हय माझं?"

"वहिनी, कागदाचं हाय."

"कशाचं का असंना! ज्याच्या नावानं कुणी कुंकू लावत न्हाई, असा बघ एखादा."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. कुशाबाची गोजराबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं.

कुशाबानं मापाची दोरी गुंडाळली. मग म्हणाला, "सोपं झालं की. माझंच करतो."

घरी येऊन त्यानं गोजराबाईचा आरसा भिंतीला टेकवला. नाक, गाल, हनुवटी स्वतःची केली. बकरीच्या केसांच्या मिशा, गालावरचा मस आणि पागोटं तेवढं हैबतरावांचं.

यात्रेत दिवे लागले, नाटक रंगलं. शेवटी शिपायानं ताटावरचं फडकं उचललं. तेवढ्यात बायकांतून किंकाळी उठली आणि लीलाबाई लुगडं सावरत थेट रंगमंचावर चढली.

हैबतराव आतून धावत आले. "अगं, हितं हाय मी! मान हाय माझी जाग्यावर!"

तिनं दोन्ही हातांनी त्यांची मान चाचपली. लोक हसून लोळायला लागले.

"कुशाबाचं तोंड हाय ते, ठावं हुतं ना तुला?"

"ठावं हुतं! पन दिसलं तुमचंच!"

पडद्याआड कुशाबा हरखला. "ऐकलंस का?" म्हणत तो शेजारी वळला. दर नाटकाला गोजराबाई तिथंच, सामानाच्या पेटीवर बसायची.

शिपायानं ताट आणून त्याच पेटीवर ठेवलं. कुशाबानं मुंडक्याचं पागोटं सरळ केलं.

"फसली गं ती, गोजरा," तो म्हणाला. "लई फसली."