आमच्या घरात पास झालेली एकमेव गाडी

ज्या घरात गाड्यांमधलं सगळ्यात जास्त कळतं, त्या घरात गाडी नसते. हे मी अनुभवानं सांगते. माझा नवरा विमा कंपनीचा सर्व्हेअर. कुठे गाडी आपटली, उलटली, जळाली, की ह्यांना बोलावणं येतं. हे जातात, गाडीभोवती फेरी मारतात, ठोकून बघतात, वाकून बघतात आणि ती दुरुस्त करायची की भंगारात काढायची ते ठरवतात. इतकी वर्षं हाच धंदा केल्यामुळे ह्यांना शोरूममधली कोरी गाडीसुद्धा कोरी दिसत नाही. ती पुढे कुठून चेपणार आहे ते दिसतं.

नातेवाईक गाडी घेण्याआधी हटकून ह्यांचा सल्ला घेतात. हे तासभर सांगतात, नातेवाईक मान डोलावतात, आणि घरी जाऊन बायकोला रंग आवडेल ती गाडी घेऊन सुखानं फिरतात. आम्ही दोघं तेवढे बसस्टॉपवर. हे स्वतः सर्व्हेला जातात तेही बसनं आणि पायी.

माझं त्यावाचून काही अडत नव्हतं. मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. जुनं हॉस्पिटल घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. पण हॉस्पिटलनं शहराबाहेर, हायवेला लागून नवी इमारत बांधली आणि तिथल्या थिएटरची इन्चार्ज म्हणून माझं नाव पुढे आलं. ही जागा याआधी दोनदा माझ्या हातातोंडाशी येऊन निसटली होती. एकदा मुलीच्या आजारपणात, एकदा जुन्या मेट्रनबाईंच्या भाचीमुळे. मला ती हवी होती. उगाच कशाला लाजायचं, फार हवी होती. अट एकच, सकाळी सहाला हजर. पहिलं ऑपरेशन सातला लागतं, त्याआधी सगळी हत्यारं तपासून, मोजून, मांडून तयार हवीत. आणि आमच्याकडची पहिली बसच सहाला सुटते. नव्या मेट्रनबाई म्हणाल्या की महिनाभर बघू, वेळ सांभाळलीत तर चार्ज तुमचा, नाही तर धाकटी सिस्टर आहेच, ती तिथंच जवळ राहते. धाकट्या सिस्टरनं अगदी मनापासून मला शुभेच्छा दिल्या.

तर घोडं अडलं ते गाडीपाशी. मी ह्यांना सांगितलं, लायसन्स माझ्याकडे आहे, गाडी घ्यायची. हे नाही म्हणाले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. पण हे नाही म्हणतच नाहीत. "बघू या," म्हणाले, आणि खरंच बघायला लागले.

आधी देशी बघितली. ह्यांनी दारावर बोटं ठोकून आवाज ऐकला, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं. मग अंगठ्यानं दाबलं. पत्रा आत गेला आणि टक् करून बाहेर आला. बिस्किटाच्या डब्याचं झाकण, एवढंच म्हणाले. सेल्समन एका लिटरमध्ये किती पळते ते सांगायला लागला, तर ह्यांनी विचारलं की बाजूनं ट्रक आला तर हा दोन दारांमधला खांब सीटच्या किती आत येतो. बिचाऱ्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. बघून सांगतो, म्हणाला. हे म्हणाले, राहू द्या, मी बघितलाय. शेजारच्या टेबलावर एक जोडपं सही करायला बसलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. आम्हाला चहा आला नाही.

माझे धाकटे दीर परदेशी गाडीचे भक्त. त्यांच्या मते देशी गाडी घेणं म्हणजे जिवावर उदार होणं. तिकडचे लोक माणसाच्या जिवाची किंमत ओळखतात, गुडघ्यांसाठीसुद्धा वेगळी एअरबॅग देतात. हे सांगायला भाऊजी बसनं आले होते, कारण त्यांची गाडी डावीकडच्या दिव्यासाठी वर्कशॉपमध्ये उभी होती आणि दिवा बोटीनं येत होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथं डोंगराचा सुटा भागही दुरूनच यायचा. मला वाटलं, हे आता पत्र्यावर घसरणार. पण नाही. गाडी उत्तम आहे, म्हणाले. अडचण एवढीच की साधा ओरखडा आला तरी ती महिनाभर सुट्टीवर जाते, आणि तुला सुट्टी नाही. ह्यांच्यातला हा सगळ्यात मोठा दुर्गुण. ह्यांचा प्रत्येक नकार खरा असतो.

असे तीन आठवडे गेले. मी टॅक्सीनं जात होते. इतक्या पहाटे हायवेकडे यायला टॅक्सीवाले नाखूष. येतो म्हणायचे आणि फोन बंद करून झोपायचे. एकदा मला उशीर झालाच. मेट्रनबाईंनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की रविवारपर्यंत गाडी आली नाही तर मी रस्त्यात दिसेल ती पहिली विकत घेईन, मग ती रोडरोलर का असेना. हे म्हणाले, रोडरोलर तसा वाईट नाही.

आणि मग मामांची गाडी निघाली. मामा म्हणजे माझे मामेसासरे. नजर अधू झाल्यामुळे त्यांना चालवणं सोडावं लागलं होतं. त्यांची गाडी माझ्या लग्नाच्याही आधीची, बदामी रंगाची. बॉनेट एवढं लांब की त्यावर एक माणूस आडवा झोपावा. अशा गाडीला हल्ली क्लासिक म्हणतात. पूर्वी जुनी म्हणायचे. हे तिच्याभोवती फिरले. ठोकलं. वाकले. मी नकार ऐकायला तयार होऊन उभी होते.

"ही घेऊ," हे म्हणाले.

भाऊजी हसले. फोटो काढायला ठीक आहे दादा, रोजच्या वापराला कशी चालेल, त्यांनी विचारलं. हे म्हणाले, रोजच्या वापरालाच. पत्रा जाड आहे, आत एकही कॉम्प्युटर नाही, कुठलाही भाग कुणीही दुरुस्त करू शकतो. मामांचे डोळे भरून आले. ज्या माणसानं जन्मात एका गाडीला हो म्हटलं नाही, तो असा एका दमात हो म्हणतो, तिथं बायकोनं सावध व्हायला हवं. मी कसली सावध होते. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे.

रविवारी मी गाडी चालवली. एका चावीत सुरू झाली. हे शेजारी बसले होते. त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता, तरी प्रत्येक चौकात तो दाबत होते, आणि कुठल्या कोपऱ्यावर कुठल्या साली काय झालं होतं ते सांगत होते. मी ऐकलं नाही. काच खाली होती, स्टिअरिंग हातात होतं आणि मी खूश होते.

सोमवारी पहाटे गाडी सुरू झाली नाही. इंजिन गरगर फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. हे बाहेर आले, बॉनेट उघडलं, थोडा वेळ आत बघितलं आणि मान हलवली. जुनी गाडी आहे, म्हणाले, गारठ्यात तिला जरा जड जातं. मी टॅक्सी शोधत धावले. संध्याकाळी हे घरी आल्यावर त्यांनी चावी फिरवली, तर पहिल्या फटक्यात सुरू. बघ, म्हणाले, काही झालेलं नाही. मंगळवारी पहाटे पुन्हा गरगर. संध्याकाळी पुन्हा झकास. मी मेकॅनिक बोलवायचं काढलं, की हे म्हणायचे, मेकॅनिक येईल तेव्हा ती सुरूच असेल, त्याला काय दाखवणार? हेही खरंच होतं.

बुधवारी मी वीस मिनिटं उशिरा पोचले. मेट्रनबाईंनी मला बाजूला घेतलं. उद्या महिना भरतो, सहाला दिसला नाहीत तर चार्ज धाकटीकडे देईन, म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी धाकटीनं माझ्यासाठी चहा आणून ठेवला. मला तो कडू लागला.

गुरुवारी मी लवकर उठले. गाडी सुरू होणार नाही हे धरूनच टॅक्सीला फोन लावत होते, एकीकडे कपडे मशीनमध्ये टाकत होते. एरवी आपले कपडे हे स्वतः टाकतात, आणि मी चार बायकांत त्याचं कौतुकही करायची. आज हे अंघोळीला गेले होते आणि कालचा शर्ट खुंटीवर होता. खिसा जड लागला. आत एक तपकिरी, अंगठ्याएवढा तुकडा निघाला, टोकाला पितळेची पट्टी. तो कशाचा भाग आहे हे मला माहीत नव्हतं. पण त्यावर खिळ्यानं ओरखडून एक बारीक फुली मारली होती, आणि ती फुली मला माहीत होती. गाडीचा कुठलाही भाग बाहेर काढला की त्यावर फुली मारायची, म्हणजे गॅरेजवाला तोच भाग पुन्हा दाखवून फसवू शकत नाही, ही ह्यांच्या कामाची रीत. स्वतःच्या बायकोला फसवतानाही हात सवयीनं वळला होता.

मी बॉनेट उघडलं. आमच्याकडे एखादी वस्तू जास्तीची सापडली, की ती कुठून आली हे कळल्याशिवाय थिएटरमध्ये कुणी पुढे सरकत नाही. सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात ते काळं गोल झाकण होतं. दोन क्लिपा काढल्या. आत एक बोडका दांडा उभा होता. तुकडा त्यावर एकाच बाजूनं बसत होता, आणि बसला. चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

आवाज ऐकून हे ओल्या केसांनी बाहेर आले. माझ्या हातात काही नव्हतं, तरी त्यांना सगळं कळलं.

"आज उशीर झाला तर जागा जाणार होती," मी म्हटलं. "माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं."

मला राग अनावर झाला. देशी, परदेशी, पत्रा, खांब, ते सगळं कशाला केलंत, मी विचारलं. वेळ काढायला, हे म्हणाले. मग ही का घेऊ दिलीत? तर म्हणाले, हिला बंद ठेवणं सोपं होतं.

मग गाडीच्या खिडकीला हात लावून, माझ्याकडे न बघता बोलले. "मी बघतो त्या गाड्यांत माणसं नसतात. त्यांना आधीच नेलेलं असतं. एखादी चप्पल असते. जेवणाचा डबा असतो, न उघडलेला. तू गाडी म्हणालीस तेव्हापासून प्रत्येक गाडीत मला तुझा डबा दिसतो."

इतक्या वर्षांत हे मला कधी बोलले नव्हते. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

"तुम्ही रिकाम्या गाड्या बघता," मी म्हटलं. "त्यातली माणसं माझ्याकडे येतात. आम्ही शिवतो, जोडतो. आपल्या पायांनी घरी जातात. ते बघायला तुम्ही कधी आला नाहीत."

"सगळी जातात?"

खोटं बोलता आलं असतं. "सगळी नाही," मी म्हटलं. "गेट उघडा."

हे तसेच उभे राहिले. ते उघडणार नाहीत असं मला क्षणभर खरंच वाटलं. मग ते गेले आणि त्यांनी गेट उघडलं.

सहाच्या आधी मी थिएटरमध्ये होते. मेट्रनबाईंनी मला पाहिलं, मग चाव्यांचा जुडगा काढून माझ्यापुढे धरला. धाकटीनं अभिनंदन केलं, आधीच्या शुभेच्छांपेक्षा बरंच थोडक्यात. मी जिंकले होते आणि मला छाती फुगवून चालावंसं वाटत होतं.

पहिला पेशंट मांडीचं हाड मोडलेला. ह्यांच्याच वयाचा, रस्त्यावरच्या अपघातातला. नेहमीचे प्रश्न विचारले: नाव सांगा, काही खाल्लंय का, कवळी आहे का. मग, नोकरी लागल्यापासून कुठल्याही पेशंटला जे विचारलं नव्हतं, ते मी विचारलं. गाडी कुठली होती?

"गाडी कुठली आलीय, सिस्टर," तो म्हणाला. "बसमधून उतरलो आणि रस्ता ओलांडत होतो."

ऑपरेशन संपेपर्यंत हात आपलं काम करत राहिले. बाहेर आल्याबरोबर मी ह्यांना फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे हॉर्न ऐकू येत होते. कुठे आहात, मी विचारलं, तर एका गॅरेजबाहेर, सर्व्हे संपला, म्हणाले.

"तिथंच थांबा," मी म्हटलं. "बसनं जायचं नाही. सुटल्यावर मी न्यायला येते."

"अगं, तुला सुटायला अजून चार तास आहेत."

"असू देत. आत जाऊन बसा. रस्ता ओलांडू नका."