बोरूबहाद्दर आणि छपरावरचं मांजर

मी एक जुना बोरू आहे. मित्रांनो, पाणथळीत वाढलेली मी एक साधी काडी. मला कापलं, सुकवलं, टोक तिरपं छाटलं, मधोमध चीर पाडली आणि शाईत बुडवलं. मला कुणी विचारलं नाही.

माझ्या नावावरून लेखकांना चिडवायचा एक शब्द निघाला, बोरूबहाद्दर. ज्याची मर्दुमकी फक्त कागदावर, तो. आम्हा बोरूंमध्ये सांगतात, की लढाईवरून जखमा घेऊन परतलेल्या शिपायांना सावलीत बसून त्याच लढाईचं रसभरित वर्णन खरडणारा कारकून दिसला, आणि त्यांनी हसत त्याला हे नाव दिलं. खरंखोटं देव जाणे. लढले ते, लिहिलं त्याने आणि बदनाम झालो मी.

ज्या घरात मी आहे, तिथे प्रत्येकाने आपलं पहिलं लिखाण माझ्याच टोकाने करायची रीत आहे. आजोबांनी केलं, मग बाबांनी. बाबा लेखक झाले. त्यांची बहीण आली की दारातूनच विचारते, "काय रे बोरूबहाद्दर, जेवतोस की कागदच खाणार?" बाबा खो खो हसतात. त्यांना तो शब्द अंगाखांद्यावर खेळलेल्या पोरासारखा वाटतो.

मग त्यांच्या मुलीने मला उचललं. तिची गोष्ट शिंप्याची कात्री पळवणाऱ्या मांजराची होती. बोटं शाईने माखली, जीभ दाताखाली आली, पण ती थांबेना. गोष्टीतलं मांजर छपरावर चढलं तेव्हा बाबा पाहुण्यांना घेऊन खोलीत आले.

"बघा," ते कौतुकाने म्हणाले, "आमच्याकडे आणखी एक बोरूबहाद्दर निघाली!"

पाहुणे हसले. तिने कागदाची घडी केली. माझं टोक पुसून मला पेल्यात ठेवलं.

"वाचून दाखव ना, बाळा."

"नको बाबा. उगाच खरडत होते."

मला ओरडावंसं वाटलं, की ते कौतुक होतं गं! पण हातात धरल्याशिवाय मला बोलता येत नाही.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. परवा बाबांनी मला हातात घेतलं. कागदावर तिचं नाव लिहिलं. पुढे 'चुकलो' एवढंच लिहायचं होतं. शाई टोकावर वाळून गेली आणि त्यांनी मला परत ठेवलं, न धुताच.

मित्रांनो, बोरू वापरलात तर धुऊन ठेवा. आणि कुणी पहिली गोष्ट घेऊन आलं, तर आधी ती शेवटपर्यंत ऐका. थट्टा कुठे पळून जात नाही.

मी अजून पेल्यातच आहे. मांजर अजून छपरावर आहे. ते खाली कसं उतरलं, हे फक्त तिला ठाऊक आहे.