फाटककाकांच्या स्टुलाचे पाय

उंचावर बसलेल्याला सूर्य उशिरा मावळतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मी सुतार आहे, आणि ज्या स्टुलामुळे हे कळलं त्याचे पाय मीच वाढवले. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, लाकडाचं त्यानं काही बिघडत नाही.

आमच्याकडच्या बागेच्या फाटकावर एक पहारेकरी बसायचे. सगळे त्यांना फाटककाका म्हणत. खोली बागेतच, फाटकाला चिकटून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा लांबच्या शहरात. त्याचा फोन यायचा, पण फोन चालू आहे ना एवढं बघण्यापुरता. बागेचा नियम भिंतीवर रंगवलेला होता: पहारेकऱ्याला स्टुलावरून सूर्य दिसेनासा झाला की घंटा वाजवावी आणि फाटक बंद करावं. नियम करणाऱ्याच्या घरी घड्याळ नसावं. पण काका नियमाचे पक्के.

दिवसभरात लोक काकांशी बोलायचे ते एवढंच: "नळ कुठाय हो?" "कुत्रं आत चालतं का?" माणसासारखं बोलायच्या त्या एकट्या कंपाउंडरबाई. त्यांचा दवाखाना बारा महिने एकाच वेळी बंद व्हायचा. घरी जाताना त्या बागेतून जायच्या, फाटकाजवळच्या बाकावर बसून चपला काढायच्या आणि दिवसभराचे पेशंट सांगायच्या.

"आज एकानं खोकल्याचं औषध गुडघ्याला चोळलं, काका. वर म्हणतो, गुण आला!"

काका हसायचे. ते हसणं रस्त्यापलीकडे माझ्या दुकानात ऐकू यायचं आणि माझा रंधा थांबायचा. त्या माणसाचा आवाज दिवसातून तेवढाच.

उन्हाळ्यात या गप्पा ऐसपैस चालायच्या. मग दिवस आटायला लागला. आधी चोरपावलांनी, रोज चिमूटभर. दिवस-रात्र सारखी व्हायच्या सुमाराला तर ओंजळीओंजळीनं. पाण्याच्या टाकीमागे बुडणारा सूर्य सरकत सरकत पार गिरणीच्या धुराड्यापाशी गेला. एके दिवशी बाईंनी चपला काढल्या न काढल्या तोच घंटा झाली. पुढच्या आठवड्यात त्या आल्या तर फाटक बंद.

"काय हो काका, आज लवकर?" बाईंनी गजांतून विचारलं.

"मी नाही बाई, सूर्य."

"मग जाते वळसा घालून." आणि गेल्या.

दुसऱ्या सकाळी काका माझ्या दुकानात हजर. "मिस्त्री, स्टुलाला हातभर पाय जोडून द्या."

"गुडघे दुखतात का?"

"गुडघे ठीक आहेत. दिवस आखूड झालाय."

मी म्हटलं, "अहो, फाटक बंद करून बाहेर या आणि बोला की बाईंशी."

"बाहेर काय बोलणार? बाहेर त्या घरी निघालेल्या असतात." असं म्हणून काका भुश्शात बोटानं रेघा ओढत बसले. मी हातभर पाय जोडून दिले.

त्या संध्याकाळी सूर्य खरोखरच थोडा जास्त टिकला. पण दिवस आणखी आटला, मी आणखी पाय जोडले. खाच पाडायची, पाचर ठोकायची, आडव्या पट्ट्या मारायच्या, की झाल्या शिडीच्या पायऱ्या. स्टूल झाडांच्या वर गेलं, टाकीच्या वर गेलं. घारी खालून जायला लागल्या. काका दुपारचं जेवण उरकून वर चढायला निघायचे ते संध्याकाळपर्यंत पोचायचे. बागेचे साहेब चौकशीला आले.

"हे काय आहे?"

"स्टूल, साहेब," मी म्हटलं.

"एवढं?"

"नियमात उंची लिहिलेली नाही."

साहेबांनी भिंत दोनदा वाचली, मान वर केली, टोपी मागे पडली. ती उचलून झटकली आणि गेले.

फाटक आता बाई येईपर्यंत उघडं राहायचं. पण खाली अंधार झालेला असायचा. बाई काळोखात बाकावर बसायच्या आणि वर, लांब, काकांच्या चेहऱ्यावर तेवढं ऊन.

"काका! आज एकानं!"

"काय?"

"डोळ्यांचं औषध!"

"कुणाला?"

"जाऊ दे!"

गंमत वर पोचेपर्यंत शिळी व्हायची. हसू खाली यायचंच नाही. तरी काका रोज चढत होते, आणि खाली उतरले की मला विचारायचे, "काय म्हणत होत्या हो?"

भर थंडीतल्या एका संध्याकाळी मी खाली पाचर ठोकत होतो. बाई आल्या, पण चपला काढल्या नाहीत. वर बघून हळूच काहीतरी बोलल्या.

मी म्हटलं, "जोरात सांगा बाई, एवढं वर नाही जायचं."

"हे ओरडून सांगायचं नाहीय."

मी तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "काका, खाली या!"

"अहो, अजून सूर्य आहे!"

"असू दे. या."

काका उतरायला लागले. प्रत्येक पायरीवर थांबून मान वळवत होते. सूर्य आणखी बुडाला, मग नुसती कड राहिली, मग तीही गेली. खाली पोचल्यावर काकांनी आधी घंटा वाजवली, फाटक ओढून घेतलं. नियम तो नियम. मग बाईंसमोर उभे राहिले.

"दवाखाना दुसरीकडे चाललाय, काका," बाई म्हणाल्या. "मी बहिणीकडे राहायला जाते. उद्याच."

सगळी थंडी ओरडून बोलल्यामुळे काकांची हळू बोलायची सवय गेली होती. "बरं!" एवढ्या मोठ्यानं म्हणाले की झाडावरची पाखरं उडाली. मग ओशाळून पुटपुटले, "सांभाळून जा. वाटेत अंधार आहे."

बाई थोडं थांबल्या. काकांनी फाटक अर्धं उघडलं, बाई गेल्या, त्यांनी कडी लावली.

गंमत बघा, संध्याकाळ तेव्हाच माघारी फिरलेली होती. लोकांना वाटतं, सगळ्यात छोटा दिवस सरला की मग ती लांबते. ती आधीच वळते; सकाळ तेवढी आळशी, आणखी बरेच दिवस उशिराच उजाडते. आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. आम्ही पाय जोडत होतो.

मग उन्हाळा आला. खालीच सूर्य रेंगाळत होता, वरून तर तो मावळायचं नावच घेईना. एके दिवशी काका माझ्या दुकानात आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"मिस्त्री, पाय कापा."

"किती?"

"कापत राहा. संध्याकाळ संपत नाही हो."

तेव्हापासून दुकान बंद केलं की करवत घेऊन जातो. काका पाय धरून बसतात, मी कापतो. मध्येच थांबून एखादी थाप मारतो. परवा सांगितलं, एका गिऱ्हाइकानं दार उलटं बसवून घेतलं आणि तेव्हापासून ते घरात शिरले की बाहेर निघतात. काका हसले नाहीत, पण "मग जेवतात कुठे?" असं विचारलं.

एक पाय कापायला मला अख्खी संध्याकाळ लागते.

"करवत बोथट झाली का हो?" काका म्हणतात.

"लाकूड चिवट आहे," मी म्हणतो, आणि पुढची थाप जुळवायला लागतो.