टरफलांचा ड्रम

प्रयोगशाळेत धाकट्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्याच्या डोक्यात जरा जास्तच गेलं होतं. तेलगिरणीने टाकून दिलेली शेंगांची टरफलं जाळून त्याने कोळसा केला, ड्रममध्ये भरला आणि बोअरच्या पाण्यातलं शिसं त्यात अडकतं हे सिद्ध करून दाखवलं. पहिला ड्रम थोरल्या भावाच्या घरी बसवला. अख्खी गल्ली बघायला जमली, तेव्हा छाती फुगवून म्हणाला, "एकदा बसवला की पुन्हा बघायला नको!" वहिनीने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

हा कोळसा महिन्याभरात भरतो, मग शिसं धरत नाही, तो बदलावा लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण टाळ्या चालू असताना असलं रडगाणं कोण गाणार? सांगू सावकाश, असं तो मनाशी म्हणाला. सावकाश म्हणता म्हणता पाच महिने उलटले. परवा वहिनीनेच कौतुकाने ड्रमच्या पाण्याची बाटली तपासायला पाठवली. बोअरमध्ये जेवढं शिसं, तेवढंच त्या बाटलीत निघालं.

सकाळीच तो भावाच्या दारात उभा राहिला.

"या भाऊजी! आज वाट चुकलात की काय?" वहिनी हसली. घासूनपुसून लख्ख ठेवलेल्या ड्रमखाली पेला धरून तिने पाणी आणलं. "घ्या, तुमचंच पाणी."

एका पेल्याने काही मरत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? तरी पेला ओठांपर्यंत गेला आणि हात तिथेच अडला.

वहिनी काही दुधखुळी नव्हती. तिने पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"छकुलीची शाळेची बाटली मी यातूनच भरते," ती म्हणाली.

"वहिनी, कोळसा दर महिन्याला बदलायचा असतो. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

शरमेने मान वर होईना. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने त्याच्या हातातला पेला काढून घेतला, मोरीत ओतला आणि फळीवरचा जग उचलला. चपला पायात सरकवताना म्हणाली, "बसा. उन्हातून आलात. नाक्यावरून तुमच्यासाठी चांगलं पाणी घेऊन येते."