खांबाला धडकलेला स

गल्लीत तिला सगळे ‘अक्षरवाली’ म्हणत. मधाच्या बरणीवरचं लेबल, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दवाखान्याची पाटी, साबणाच्या खोक्यावरचं नाव, असलं सगळं ती घरबसल्या करून द्यायची. नोकरी नाही म्हणून साहेब नाही असं तिला सुरुवातीला वाटलं होतं. मग कळलं, की प्रत्येक गिऱ्हाईक हा एक साहेबच असतो. कुणी म्हणायचं, “अक्षर जरा हसरं करा.” हसरं करून दिलं की म्हणायचं, “आता थोडं गंभीर करा, पण हसू जाऊ देऊ नका.”

एका सकाळी चौकातला घड्याळजी काखेत चादरीत गुंडाळलेला पत्रा घेऊन आला. मागोमाग त्याची लेक, हातात पाना.

“ताई, दुकानावरचा फ्लेक्स फाटला म्हणून काढला,” घड्याळजी म्हणाला, “तर खाली हे निघालं. वडिलांच्या वेळचं.”

पत्र्यावर हिरव्या रंगात लिहिलं होतं, ‘घड्याळ दुरुस्ती’. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नुसतं ‘पेंटर’. कडा गंजल्या होत्या, पण अक्षरं अशी ठसठशीत, की अक्षरवालीच्या हातातला चहा तसाच राहिला.

“आता दुकानात मीही बसते,” लेक म्हणाली. “नवीन पाटी हवी. ‘बाप-लेक घड्याळ दुरुस्ती.’ पण याच अक्षरात. संगणकातलं नको.”

“म्हणजे मला ब, प, ल आणि क नव्याने करावे लागतील. या पत्र्यावर ते नाहीत; प काय तो कोपऱ्यात, तोही इतका बारीक की उपयोगाचा नाही.”

“तुम्हाला काय अवघड आहे?” घड्याळजी म्हणाला. “तुमच्या हातचा मळ.”

हातचा मळ कसला! दोन दिवस अक्षरवाली भिंग घेऊन त्या पत्र्यावर वाकून बसली. कोणाचंही अक्षर उचलायचं, तर आधी तो हात कसा फिरला ते कळावं लागतं. आणि हा हात काही कळेना. ब्रश पहिल्यांदा टेकतो तिथे पडणारा रंगाचा जाड थेंब शिरोरेघेच्या उजव्या टोकाला होता. म्हणजे रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली. डावखुरा असणार. तेही ठीक. पण आधी शिरोरेघ मारून मग तिच्याखाली अक्षरं टांगली होती, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. आणि ळ काढताना त्याने डावा गोल, उजवा गोल असे दोन अगदी सारखे गोल आधी काढले होते, आणि त्यांना जोडायचं काम शेवटी केलं होतं. शाळेत गेलेला कुठलाही माणूस ळ असा काढत नाही.

“लिहिलेलंच नाही हे,” ती नवऱ्याला म्हणाली. “हे चित्र काढलंय.”

“छान काढलंय ना? मग झालं तर,” नवरा म्हणाला. “तुला नसत्या चौकशा फार.”

तिसऱ्या दिवशी ती पायात चपला सरकवून बाहेर पडली. त्या हाताची आणखी एखादी पाटी गावात कुठेतरी असणार. निम्मी दुकानं फ्लेक्सखाली गाडली गेली होती. तरी स्टेशनरीच्या दुकानामागे एक सापडली, ती उन्हाने पुसली गेलेली. पायाचे तुकडे पडायची वेळ आली तेव्हा एका बोळाच्या तोंडाशी लॉन्ड्री दिसली. ‘कपडे इस्त्री करून मिळतील’. तोच हिरवा, तीच दोरीवर टांगलेली अक्षरं. क, प आणि ल एकाच पत्र्यावर! राहिला फक्त ब. तो काय, व काढून पोटात तिरकी रेघ मारली की झाला. तिने मोबाइलवर भराभर फोटो काढले. काम फत्ते.

पण ‘मिळतील’च्या पुढे काहीतरी होतं. एक गाठ मारल्यासारखं वेटोळं, त्याला शेपूट, शेपटाला पुन्हा दोन हिसके. अक्षर नव्हतं, आकडा नव्हता, नक्षीही नव्हती. पण काढलं होतं जिवापाड. जाड तिथे जाड, बारीक तिथे बारीक.

“दादा, हे काय आहे हो?” तिने आत विचारलं.

लॉन्ड्रीवाला इस्त्री उभी करून हसत बाहेर आला. “तुम्ही विचारणाऱ्या शंभराव्या असाल. अहो, पाटीचा मजकूर मीच चिठ्ठीवर लिहून दिला होता. पेन चालत नव्हतं, म्हणून शेवटी जरा गिरगटून बघितलं. पाटी आली तर माझं गिरगटणंही पाटीवर! मी चिडलो होतो, पण मग लोक आपल्याला गाठवाली लॉन्ड्रीच म्हणायला लागले. आता पुसू म्हटलं तरी पुसवत नाही.”

“आणि पेंटरला कळलं नाही?”

“तेच तर. माणूस चांगला वाचणारा होता. पेपर इथे बसून अथपासून इतिपर्यंत वाचायचा, मोठ्याने. काम मात्र कधी इथे केलं नाही. चिठ्ठी आणि पत्रा घरी न्यायचा, तिसऱ्या दिवशी आणून द्यायचा. जाऊन नऊ वर्षं झाली त्याला. बायको आहे. सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर.”

अक्षरवाली घरी आली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हवी ती अक्षरं मिळाली होती. पाटी दोन दिवसांत करून मोकळं होता आलं असतं. पण मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात तशी माशीच्या जागी माशी चिकटवणारा माणूस रोज पेपर कसा वाचेल? वाचता येणाऱ्याच्या डोळ्याला ते गिरगटणं आधी खुपलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सायकलच्या दुकानाचा जिना चढली.

दार एका लहानखुऱ्या म्हातारीने उघडलं. मटार सोलता सोलता ती उठून आली होती. पुन्हा जाऊन परात मांडीवर घेऊन बसली. शेंग उजव्या हातात, सोलणं डाव्या हाताने.

अक्षरवाली त्या डाव्या हाताकडे बघतच राहिली. काय बोलायचं ते जिन्यात घोकलं होतं, ते सगळं विसरून गेली.

“आजी,” ती म्हणाली, “लॉन्ड्रीची पाटी तुम्ही रंगवली ना?”

म्हातारीचा हात थांबला. हातातली शेंग तिने परातीत ठेवली. मग म्हणाली, “कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. पाटीनेच सांगितलं.”

“त्या दिवशी हे तापाने फणफणले होते,” म्हातारी म्हणाली. “नाहीतर रंगवून झालं की हे एकदा वाचायचे, मग पत्रा बाहेर जायचा. त्या एकाच पाटीला वाचणारं कोणी नव्हतं. मला काय ठाऊक, त्यातलं अक्षर कुठलं नि गिरगट कुठलं? मला त्या वेटोळ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.” आणि ती एकदम खुदकन हसली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पेंटरचा हात थरथरायला लागला होता. एक पत्रा अर्धवट पडून होता, तो तिने रंगवून टाकला. तो उतरला बरा. मग पुढचा. मग सगळेच. बाहेर कळलं तर कोण काम देणार, म्हणून कोणाला सांगितलं नाही.

“पण इतक्या वर्षांत वाचायला का नाही शिकलात? घरातच तर होते शिकवणारे.”

“शिकवायला बसायचे की. मीच उठायची.” म्हातारीने परातीतले दाणे एका बाजूला लोटले. “ब्रश मी घेतला होता त्यांच्या हातातून. त्यांच्याकडे वाचणंच उरलं होतं. तेही मी घेतलं असतं, तर माणसाने दिवसभर करायचं काय?”

अक्षरवालीच्या मनात आलं, असल्या बाईला लोक अक्षरशत्रू म्हणतात, आणि अर्धं गाव तिच्या अक्षरावर दुकानं चालवत होतं.

तिने पिशवीतून घड्याळजीच्या जुन्या पाटीचा मोठा फोटो काढून पुढे केला. म्हातारीने तो खिडकीपाशी धरला आणि ओळखीची माणसं भेटावीत तशी बोट ठेवत गेली. “हा चष्मा,” ती ळवर बोट ठेवून म्हणाली. “हा चालता,” म्हणजे र. “आणि हा धडकलेला.”

“कोण धडकलेला?”

“अगं, चालता चालता खांबाला धडकतो ना, तो.” तिने हवेत स काढून दाखवला. “इथे त्याचा खांब काढून घेतलाय, म्हणून बिचारा शेजारच्याला टेकलाय.”

अक्षरवालीने पुन्हा फोटो बघितला. अर्धा स खरोखरच त ला टेकला होता. इतकी वर्षं अक्षरांत घालवून तिला तो कधी दिसला नव्हता. तिने घाईघाईने वही काढली आणि ‘बाप-लेक’ लिहून दाखवलं. म्हातारीने एकेकाला हाक मारली. पट्टा आवळलेला. रिकामा खिसा. मिशीवाला. कमरेवर हात ठेवलेला. मधल्या छोट्या रेघेपाशी ती थांबली आणि संशयाने म्हणाली, “आणि हे? हे पाहिजेच आहे, की तुझंही पेन चालत नव्हतं?”

“पाहिजेच आहे, आजी.” अक्षरवालीला हसू आवरेना. मग वहीचं पान उलटून तिने आपण बनवलेला ब दाखवला. “हा बरोबर जमलाय का?”

म्हातारीने मान हलवली. “पट्टा सैल आहे. सैल पट्ट्याने पोट सुटतं. आण इकडे.” तिने डाव्या हाताने पेन्सिल घेतली, आधी तिरकी रेघ जाड मारली आणि तिच्याभोवती पोट बारीक, घट्ट बसवलं. अक्षरवालीने केलेला ब त्याच्या शेजारी उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायला लागला.

“आजी,” ती म्हणाली, “पाटी तुम्हीच कराल का?”

“डोळे पहिल्यासारखे नाहीत.”

“डोळे माझे घ्या. कडा मी आखून देईन.”

चार दुपारी त्या दोघी त्या खोलीत पत्र्यापुढे बसल्या. अक्षरवालीने रंग कालवला, शिरोरेघेला दोरा धरला, आणि हात कसा फिरतो ते डोळ्यांत साठवत राहिली. घड्याळजीला खरं सांगायचं का, असं तिने विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, “सांग. आता कोणाचं काम जाणार आहे?”

शेवटी कोपरा उरला. “इथे तुमचं नाव लिहू या,” अक्षरवाली म्हणाली. “मी चिठ्ठीवर काढून देते.”

म्हातारी जरा विचारात पडली. “त्या कोपऱ्यात नेहमी जे यायचं, ते काय होतं?”

“‘पेंटर’. बास, एवढंच.”

“म्हणजे आमचे हे?”

“म्हणजे जो रंगवतो तो. किंवा जी रंगवते ती. शब्द एकच.”

“असं होय!” म्हातारी म्हणाली. चिठ्ठी न मागता तिने बारीक ब्रश उचलला आणि कोपऱ्यात ‘पेंटर’ लिहिलं. त्या खुणा तिला झोपेतही आल्या असत्या.

पाटी लागली तेव्हा घड्याळजीने म्हातारीला दुकानात खुर्ची दिली, आणि लेकीने तिला आत नेऊन सगळी चालू घड्याळं दाखवली. तिथे आलेल्या एका चष्मेवाल्याने तसलीच पाटी मागितली. म्हातारीने त्याला विचारलं, “तुमच्या दुकानात चष्मा येतो का?” तो गोंधळून म्हणाला, “चष्मेच येतात.” तिला ळ म्हणायचं होतं, हे अक्षरवालीने त्याला समजावून सांगितलं.

त्यानंतर अक्षरवाली आठवड्यातून एकदा त्या जिन्याने वर जाऊ लागली. सगळी अक्षरं एकेक करून म्हातारीच्या हातची करून घ्यायची आणि त्यांची नावं टिपून ठेवायची असं तिने ठरवलं होतं. वही भरत चालली. ठ हा लोटा, ण म्हणजे भिंतीला टेकलेली शिडी, ह म्हणजे वाकून काहीतरी शोधणारी.

एक दिवस तिने कागदावर ञ काढून समोर ठेवला. म्हातारीने तो कागद जवळ घेतला, लांब धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“ही कोण?”

“हेही अक्षरच आहे, आजी. सहसा कुणाला लागत नाही.”

“एवढ्या वर्षांत कोणाच्याच दुकानावर आली नाही,” म्हातारी म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले होते आणि चेहऱ्यावर नवी शेजारीण राहायला आल्यावर येते तसली उत्सुकता होती. अक्षरवालीने पेन सरसावलं. “मग हिचं नाव काय लिहू?”

“थांब की जरा! आत्ता तर भेटतेय,” म्हातारी म्हणाली, आणि तो कागद तिने खिडकीच्या काचेला चिकटवला. “दोन दिवस बघते. मग सांगते.”