माळ्यावरचा पंखा

"ही शिडी पूर्वी इतकी उभी नव्हती," ऑर्विल पुटपुटला.

छतातून खाली ओढलेली घडीची शिडी नेल्डाने धरून ठेवली होती, आणि नवऱ्याचे बूट तिच्या अगदी नाकासमोर होते. शिडी तीच होती, पायऱ्याही तेवढ्याच.

टेक्सासमधला ऑगस्ट. पिंपात दगड घोळवावेत तसा माळ्यावरचा पंखा तीन दिवस खडखडत होता. पट्टी ढिली झालीय, पातं कडेला घासतंय, हे ऑर्विलचं निदान. मुलगी रमोना सकाळी सातलाच येऊन थांबली होती, कारण नंतर माळ्याची भट्टी होते. कुणाला तरी बोलवू या का, असं तिने हळूच सुचवून पाहिलं. चाळीस वर्षं गावाची वायरिंग केलेला माणूस म्हणाला, "बोलव की. येईल तोही मीच शिकवलेला असेल."

पंख्याची वीज तोडायला गॅरेजमधल्या पेटीतला ब्रेकरचा खटका त्याने स्वतः पाडला होता, दिव्यासाठी खालच्या खोलीतून लांब वायर वर नेली होती, आणि वर पंखा स्तब्ध होता. पण सकाळी तो स्तब्ध असतोच. माळा तापला की आपोआप सुरू होणारा पंखा तो. थांबलेला दिसला म्हणून बंद आहे असं समजू नकोस, हे ऑर्विलनेच बायकोला शेकडो वेळा ऐकवलं होतं.

बोल्ट गंजले होते, काम लांबलं. साडेनऊ झाले. छपरावर ऊन चढलं, आणि वरून पान्याच्या खटखटीबरोबर गरम धुळीचा वास खाली येऊ लागला. पाणी प्यायला तरी उतर, असं रमोनाने दोनदा विनवलं. पातं हातात आहे, आता सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, असं उत्तर आलं.

शिडी रमोनाच्या हवाली करून नेल्डा थंड चहात घालायला बर्फ आणायला गॅरेजमध्ये गेली. डीप फ्रीझरचं झाकण उचललं. आतला दिवा लागला नाही. फ्रीझरची मोटरही गप्प होती. शेजारी ऑर्विलचा टेस्टर पडला होता. जो खिशात घेतल्याशिवाय तो कधी तारेला बोट लावत नसे, तोच.

तिने ब्रेकरच्या पेटीकडे पाहिलं. पाडलेल्या खटक्यापुढे लिहिलं होतं, 'गॅरेज'. त्याच्या खाली, 'माळा'. तो चालू होता.

डिसेंबरात चर्चहून घरी येताना ऑर्विल वाट चुकला, तेव्हा रमोना म्हणाली, धुकं होतं. जूनमध्ये त्याला जावयाचं नाव आठवेना, तेव्हा नेल्डा म्हणाली, उकाडा. आता त्याची बोटं पात्यांत होती आणि माळा तापत चालला होता.

कोणता खटका कशाचा, याचा विचार करत बसली नाही ती. दोन्ही हातांनी वरचा मोठा खटका खाली ओढला. घरभर घरघरणारं सगळं एकदम गप्प झालं.

"ऑर्विल?"

ती धावली. शिडीपाशी रमोना वर तोंड करून उभी होती, पांढरीफटक. पान्याची खटखटही थांबली होती.

"डॅडी!"

"माझा दिवा कुणी घालवला?" वरून आवाज आला, वैतागलेला. "इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही."

नेल्डा पहिल्या पायरीवर टेकली. त्याला उतरायला जागा द्यायची, हेही तिला सुचलं नाही.

घामाने निथळत तो खाली आला. कुणी काही सांगायच्या आतच गॅरेजमध्ये गेला. दोघी मागोमाग गेल्या. पेटीतल्या दोन्ही नावांवरून त्याने बोट फिरवलं.

"अक्षर पुसट झालंय, डॅडी," रमोना घाईने म्हणाली. "कुणाचाही घोटाळा होईल."

आणि इथे अंधारही असतो, असं म्हणायला नेल्डाने तोंड उघडलंच होतं.

"अक्षर चांगलं आहे," ऑर्विल म्हणाला. "माझंच आहे. मी ते वाचलं, आणि वाचूनही दुसराच पाडला." तो बायकोकडे वळला. "माझ्या लक्षात राहत नाही, नेल्डा. वर्ष झालं."