हेक्टर स्ट्रॅनचा समुद्र

तरुण चित्रकार मोरॅग टुलकने टेबलावरचं बिस्किटांचं ताट बाजूला सारलं आणि कागदांचा गठ्ठा उघडला. "बाई, हेक्टर स्ट्रॅन परत येतोय, नव्या पुस्तकात."

विनिफ्रेड ऑगिल्वी त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. बुडालेली जहाजं वर काढणारा चित्रकथेचा नायक हेक्टर स्ट्रॅन त्यांनी डंडी शहरातल्या एका साप्ताहिकासाठी सलग अकरा वर्षं रंगवला होता. दर गुरुवारी अंक निघायचा, त्यात दोन पानं. चित्रकाराचं नाव छापायची तेव्हा पद्धत नव्हती. वाचकांची पत्रं यायची तीही 'प्रिय महाशय' अशी. साप्ताहिक बंद पडलं आणि त्या शाळेत चित्रकला शिकवायला लागल्या. ब्रॉटी फेरी या त्यांच्या बंदरगावातल्या शेजाऱ्यांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

"माझा पत्ता कुणी दिला?"

"ॲग्नेस लेइंगच्या मुलीने. तिची आई म्हणायची, हेक्टर म्हणजे विनी."

ॲग्नेस त्या चित्रकथेतल्या संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहायची. तिला जाऊनही नऊ वर्षं झाली होती. विनीबाईंनी चष्मा पुसला, तो जरा जास्तच वेळ. मग मोरॅगची नवी पानं एकेक करून पाहिली. चेहरे जिवंत होते. हेक्टरची वाकडी हनुवटीही बरोबर जमली होती.

"माणसं झकास काढतेस. पण हा समुद्र आहे की जेली?"

मोरॅगचा चेहरा पडला. "चौदा पानं झालीत, बाई. छापखान्याला तारीख दिलीय."

"मग कोट घाल. चल."

दोघी बंदराच्या धक्क्यावर गेल्या. पूर्वेचा वारा असा होता की बोलायचं तर ओरडूनच. विनीबाईंचे वडील मासेमारीच्या बोटीचे तांडेल होते. लहानपणी त्या याच धक्क्यावर त्यांची वाट बघत बसायच्या. आता हात थरथरायचा, कुंचला धरवत नसे, पण नजर शाबूत होती.

"लाट काढू नकोस! लाटेच्या पोटातला अंधार काढ. लाट आपोआप दिसते. आणि ती बोट बघ. पाण्यावर ठेवलीय का? पाण्यात बसलीय. तू ठेवतेस."

मोरॅग तीन दिवस रोज तिथे आली. चौथ्या दिवशी तिने चौदाही पानांमधला समुद्र पुसला आणि नव्याने काढायला घेतला.

भांडण झालं ते गोष्टीवरून. नव्या कथेत खवळलेल्या पाण्यात हेक्टर एका मुलीला हाक मारतो, दोर फेक म्हणून.

"हेक्टर स्ट्रॅन मदत मागत नाही," विनीबाईंनी ठणकावलं.

"म्हणूनच त्याची बोट सारखी बुडायची!"

विनीबाई इतक्या हसल्या की खोकला लागला. "खरंय गं पोरी. अकरा वर्षांत एकोणीस बोटी बुडवल्या मी त्याच्या. फेकू दे दोर."

पुस्तक निघालं ते मार्चमध्ये. वाचनालयात समारंभ होता. मुखपृष्ठावर मोरॅगबरोबर विनीबाईंचं नाव होतं, आणि त्यांनी हट्टाने घालायला लावलेलं ॲग्नेसचंही. लाखो लोकांनी वाचलेली अक्षरं जिने लिहिली, तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदाच छापलं गेलं होतं. ॲग्नेसची मुलगी पहिल्या रांगेत बसून त्या नावावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती.

सत्तरीचे काही आजोबा आले होते, जुने फाटके अंक कापडात गुंडाळून. त्यांतले एक आजोबा उठून जरा घुश्शातच म्हणाले, "आमच्या हेक्टरला पोरीचा दोर कशाला लागतो?"

मोरॅग उत्तर द्यायला उठली. विनीबाईंनी तिला हाताने खाली बसवलं.

"तुमचा हेक्टर एका पोरीनेच काढलाय, महाशय. एकोणीस वर्षांच्या. दर गुरुवारी त्याला बुडण्यापासून मीच वाचवत होते. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच."

आजोबांनी टोपी काढली. "बाई, मी सात वर्षांचा असताना तुम्हाला पत्र लिहिलं होतं. 'प्रिय महाशय' लिहिलं. चुकलंच माझं."

"पोचलं असेल," त्या म्हणाल्या. "सगळी वाचलीत मी."

मग सह्या सुरू झाल्या. विनीबाईंनी उभ्या आयुष्यात पुस्तकावर सही केली नव्हती. प्रत्येक सहीला मिनिटभर लागायचं. मोरॅग हळूच म्हणाली, "नुसतं 'विनी' लिहिलंत तरी चालेल."

"छे. पूर्ण नाव लिहिणार. विनिफ्रेड मार्गारेट ऑगिल्वी."

रांग दारापर्यंत गेली होती. कुणी कुरकुरलं नाही. दारापाशी दोन वेण्यांची एक मुलगी सही घेऊन जमिनीवरच मांडी घालून वाचत बसली होती. आईने दोनदा हाक मारली, कोट पुढे केला. तिने मान वर न करता एक हात बाहीत घातला, आणि दुसऱ्या हाताने पान उलटलं.